सोलरचं गरम पाणी अन् बोअरचा चुना

संपादक साहेब, नमस्कार.

लातुरात आता गल्लोगल्ली छतावर पाणी तापवायचं सोलर दिसतंय, पण आमच्याकडं दोन वर्षांतच गरम पाण्याची धार करंगळीएवढी झाली, बादली भरायला १५ मिनिटं. प्लंबर म्हणला प्रेशर पंप बसवा. म्हणलं थांब बाबा, आधी आत बघू, तर टाकीच्या तळाला अन् काचेच्या नळ्यांत पांढरा चुना न् गाळ, पार लापशी झालेली. बोअरचं जड पाणी, ते जितकं जास्त तापतं तितके क्षार जास्त बसतात (२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आपलं, बोअर सोडून जायचं कुठं). प्रेशर तसंही कमीच, १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार म्हंजे दाबाचं माप), आमची टाकी शॉवरच्या वर जेमतेम २ मीटर, त्यात पाइप अर्धा बुजलेला.

साफ करायचं तर पहाटे करा, भर उन्हात टाकी रिकामी करून गार पाणी सोडलं की नळ्या तडकतात, आमच्या दोन गेल्या. आतला मॅग्नेशियमचा रॉड पण बघा, टाकीऐवजी तोच झिजत असतो, तो संपला की टाकी गंजायला लागते.

विकणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं, वॉरंटी कार्डावर मात्र बारीक अक्षरात जड पाण्याची अट होती, क्लेम त्यातच गेला. बसवायच्या आधी पाणी तपासायची सक्ती करा की राव.

– एक वाचक, लातूर