पुंगळ्यांचा हिशोब

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर नीट बोलणं होत नाही. आई 'जेवलीस का' विचारते, बाबा मागून 'जरा मोठ्यानं बोल' म्हणतात आणि तेवढ्यात मला इथून कुणीतरी हाक मारतं. म्हणून आज सुट्टीचा दिवस साधून लिहायला बसले. टीव्हीवर कुठल्याशा सरावात गोळी लागून जवान जखमी झाल्याची बातमी पाहिल्यापासून आई, तू एकच धोशा लावला आहेस की अर्ज टाक आणि ऑफिसात बदली मागून घे. तो अर्ज मी टाकणार नाही. का ते सगळं लिहिते, वाचून झाल्यावर काय रागवायचं ते रागव.

आधी बाबांना एक विनंती. बाजारात भेटेल त्याला 'आमची पोरगी पोलिसांना बंदूक शिकवते' असं सांगणं थांबवा. शिकवायला उस्ताद आहेत, आणि त्यांची नेमबाजी माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. माझ्याकडे आहे ती रेंज, गोळीबाराच्या सरावाचं मैदान. म्हणजे गोळ्या अडवणारा मातीचा बट, लाल झेंडे, टार्गेटच्या लाकडी फ्रेमा, पाण्याची टाकी, उभी ॲम्ब्युलन्स, ढीगभर रजिस्टरं, आणि सकाळी कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, निघालेली प्रत्येक रायफल न् प्रत्येक काडतूस संध्याकाळी हिशोबात बसवायची जबाबदारी. यात शौर्य असं काही नाही. घरात लग्न निघालं की तुम्हा दोघांची जी धावपळ होते, तीच माझी सरावाच्या प्रत्येक दिवशी होते.

फायरिंगच्या कितीतरी दिवस आधी कागद हलायला लागतात. जिल्हाधिकारी कार्यालयाचा मनाई आदेश, आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना पत्रं, मग गावात रिक्षावर भोंगा लावून दवंडी. सरावाच्या दिवशी उजाडायच्या आत झेंडे चढतात आणि टेकडीच्या दोन्ही अंगांना वॉकीटॉकी घेऊन माणसं उभी राहतात. त्या सगळ्यांचा 'ऑल क्लिअर' आल्याशिवाय दारूगोळ्याच्या पेटीचं सील मी तोडू देत नाही, मग समोर साहेब उभे असोत की आणखी कुणी. एसएलआर रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला ८०० मीटरच्या वर वेगानं निघते. मधे काही आडवं आलं नाही तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाते. तेवढ्यात इथली दोन गावं येतात.

ती आडवी येणारी गोष्ट म्हणजे बट. बाबा, तुम्हाला यात रस वाटेल म्हणून लिहिते. बट म्हणजे नुसता मातीचा ढिगारा नव्हे. त्यात मुठीएवढा दगड राहिला तरी गोळी त्यावर आपटून कुठल्याही दिशेला उडते. म्हणून माती चाळून घ्यायची, उतार नीट राखायचा, आणि पावसाळ्यात समोरचं अंग धुपून घळी पडल्या की ते खणून आतलं शिसं-तांबं वेगळं काढून पुन्हा भरायचं. यंदा ठेकेदारानं चाळलेल्या मातीच्या नावाखाली मुरूम आणून ओतला. मी डंपर परत पाठवले. तो वर जाऊन तक्रार करून आला, मी वरिष्ठांसमोर त्याच्याच मुरुमाची पाटी नेऊन ठेवली. विषय मिटला.

मागच्या महिन्यात २०० मीटरवर एक डिटेल, म्हणजे एका वेळी फायर करणारी तुकडी, आडवं पडून फायर करत होतं आणि वॉकीटॉकीवर आवाज आला, 'मॅडम, मेंढरं!' मी शिट्टी मारली. उस्तादांनी 'रुक' दिलं, बोटं ट्रिगरवरून निघाली, नळ्या बटाकडेच ठेवून रायफली खाली झाल्या, उस्ताद एकेकाची चेंबर तपासत गेले. मग गेलो टेकडीकडे. धनगरबाबा शांतपणे तंबाखू मळत उभे. म्हणाले, 'पोरी, तुमचा झेंडा दिसला, पण मेंढराला कुठं वाचता येतंय?' सगळा कळप पार होईपर्यंत सराव बंद. एक साहेब घड्याळ बघत होते. बघू देत.

आई, तुझी भीती अपघाताची आहे, आणि ती खोटी नाही. पण रेंजवरचा धोका गोळ्या चालू असताना त्यामानानं कमी असतो. तेव्हा प्रत्येकाचं लक्ष जागेवर असतं. खरी गडबड होते ती फायर संपल्यावर, माणूस सैलावतो आणि 'रायफल खाली आहे', म्हणजे रिकामी आहे, असं गृहीत धरतो तेव्हा. म्हणून 'खाली कर' झाल्यावरही 'जाँच शस्त्र' असतंच. डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, मगच पुढे. घोडा पडला पण बार झाला नाही, तर नळी समोर धरून तीस सेकंद नुसतं थांबायचं, कारण काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं. या तीस सेकंदांत नवीन पोरांची जी चुळबुळ होते ती बघण्यासारखी असते. हात शिवशिवत असतात उघडून बघायला. तिथंच मी उभी असते.

मुलींच्या तुकड्या आता मोठ्या असतात. भरतीत तीस टक्के जागा राखीव असल्यानं इथं दरवर्षी कितीतरी पोरी येतात, बहुतेक शेतकऱ्यांच्या. एक अगदी काटक पोरगी ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे गच्च मिटायची आणि खांदा मागे घ्यायची. गोळ्या टार्गेटच्या खाली मातीत. उस्ताद ओरडून थकले. मग आम्ही तिच्या मॅगझिनमध्ये तिला न सांगता मधेमधे खोटी ड्रिल काडतुसं भरली. कुठला राऊंड खरा ते तिला कळायचं नाही, त्यामुळे खोट्यावरही खांदा कसा उडतो ते तिचं तिलाच दिसलं. ओशाळून हसली. पुढं संध्याकाळी बराकीसमोर रिकाम्या रायफलीच्या नळीवर, टोकाच्या फोरसाईटजवळ, रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर ओढायचा सराव. नाणं पडता कामा नये. दहा दिवसांत नाणं पडायचं थांबलं. आता तिचं ग्रुपिंग, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, माझ्या तळहाताखाली झाकलं जातं. उरलेल्या पोरी तिच्याकडे नाणं उसनं मागतात.

आता पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची पितळी कवचं. बाबा, वरणगावच्या कारखान्यात तुम्ही उभी हयात काडतुसांच्या तपासणीवर काढलीत. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त हे मला शाळेच्या रसायनशास्त्राच्या आधी तुमच्याकडून पाठ झालं. माझ्या हातात येणाऱ्या पुष्कळशा पुंगळ्यांच्या बुडावर 'ओएफव्ही' असतं, काहींवर खडकीचं 'केएफ'. तुम्ही भरलेल्या मोजायचात, मी रिकाम्या मोजते. जितके राऊंड दिले तितक्या पुंगळ्या अधिक उरलेली जिवंत काडतुसं, हा मेळ बसला तरच डिटेल मैदान सोडतं. एकदा इन्सास रायफलीच्या सरावात एक पुंगळी कमी भरली. सगळे गुडघ्यावर रांगत गवत चाळतायत, वाळूच्या गोण्या उलट्या करतायत, जेवणाची गाडी येऊन थांबलेली. शेवटी ती एका हवालदारांच्या दुमडलेल्या बाहीत सापडली. शेजारच्याच्या रायफलीतून उडून गरम गरम आत शिरली होती, चटकाही बसला होता, पण गृहस्थांना वाटलं किडा चावला. कुणी म्हणेल पितळेच्या एका नळकांड्यासाठी एवढा तमाशा कशाला? पण हरवली आहे ती पुंगळी की जिवंत काडतूस, हे ती सापडेपर्यंत कुणाला सांगता येतं?

आणि मी इथं का राहते, तर २००८ च्या २६ नोव्हेंबरमुळे. ती रात्र आपण तिघांनी टीव्हीसमोर काढली होती. मुंबईच्या सीएसटी स्टेशनात अतिरेक्यांच्या एके-४७ समोर आपल्या शिपायांच्या हातात थ्री नॉट थ्री होत्या, आणि काहींच्या हातात तर फक्त काठ्या. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळेंनी नुसत्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली. नंतर त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालाच्या बातम्यांत सरावासाठी गोळ्याच पुरेशा नव्हत्या असं आलं, तेव्हा बाबा, तुम्ही ताट सरकवून उठला होतात. ते मी विसरलेले नाही. आजही बंदोबस्त, सण, सभा, मोर्चे यांतून शिपाई सरावाला मोकळा होणं अवघड असतं. आला तरी रात्रपाळी करून डोळे चोळत येतो. त्याला वर्षातून जे थोडे राऊंड मिळतात ते उरकून टाकायचे की त्यातून त्याचा हात बसवायचा, हे बरंचसं रेंज सांभाळणाऱ्यावर असतं. ऑफिसात बसून फायली सांभाळणारे पुष्कळ मिळतील. हात बसलेला शिपाई रस्त्यावर उगाच बंदूक काढत नाही, हे मी पाहिलं आहे. घाबरलेला काढतो.

तब्येतीचं म्हणशील तर, गोळीच्या धुरात शिसं असतं, म्हणून रेंजवर खाणंपिणं बंद, साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, गणवेश घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. रक्त तपासून घेते, ठीक आहे. कानांत बोळे आणि त्यावर इअरमफ, दोन्ही. आमच्या एका जुन्या उस्तादांच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते. त्यांच्या काळात कानात कापूस घालणाऱ्यालाही हसायचे म्हणे. माझ्या रेंजवर बोळे नसतील तर राऊंड मिळत नाहीत.

बाबा, कानांचा विषय निघालाच आहे तर, भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलेलं यंत्र घेऊन टाका. पैसे मी पाठवले आहेत, ते पेरणीत घालू नका. वयामुळे ऐकू कमी येतं यात लाज कसली?

दिवाळीला जमेल असं दिसत नाही, तेव्हा बंदोबस्त असतो. थंडीत भरिताच्या वांग्यांचा हंगाम असताना चार दिवस येईन. कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेव, इथल्या मेसचं जेवण खाऊन जीभ मेली आहे.

आणि शेजारच्या बंटीला सांगा, भरतीच्या मैदानात बंदूक कुणी हातात देत नाही. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढंच असतं, आणि तो गोळा लोखंडाचा. मोबाईलवरचे बंदुकीचे व्हिडिओ बघणं सोडून पहाटे पळायला लाग म्हणावं. बूट घ्यायला पैसे नसतील तर मला कळवा.

तुमची,
वैशाली