आप्पा, हाडांचा स्कॅन साफ आला म्हणून थांबू नका

मेलबर्न

तीर्थरूप आप्पांना,
सा. नमस्कार.

दादाने रिपोर्टचे फोटो पाठवले. पीएसए ०.४, हाडांचा स्कॅन साफ, सीटीही साफ. म्हणून केळी कापून झाल्यावर बघू, असं तुम्ही म्हणालात म्हणे. आप्पा, थांबू नका.

तुमची प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काढली आहे. पीएसए हे प्रोस्टेटच्याच पेशींतून रक्तात येणारं प्रथिन, म्हणजे तो आता जवळपास शून्य हवा. तो ०.२ झाला आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढाच किंवा जास्त निघाला, की आजार परतला असं धरतात. खोड कापलं तरी कंदातून पील फुटतं, हे तुम्हाला मी काय सांगू?

हाडांच्या स्कॅनमध्ये कॅन्सर दिसत नाही, कॅन्सरमुळे हाडात झालेला बदल दिसतो. पानावर डाग पडल्यावर करपा कळावा, तसं. पीएसए इतका कमी असताना तो बहुतेकदा साफच येतो.

मी इथे रोज करते तो पीएसएमए पेट स्कॅन. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारं औषध किरणोत्सर्गी गॅलियम-६८ लावून शिरेतून देतात. ते जिथे चिकटेल ती जागा स्कॅनमध्ये उजळते, काही मिलिमीटरची गाठसुद्धा. इथल्याच ३०२ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०२०) त्याची अचूकता ९२ टक्के निघाली, हाडांचा स्कॅन आणि सीटी मिळून ६५. ते रुग्ण उपचाराआधीचे होते, पण आजार परतल्यावरही हाच स्कॅन जास्त शोधतो.

मुंबईला टाटात हा होतो. हे गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मं होतं, साठवता येत नाही, म्हणून दिलेली वेळ चुकवू नका. रावेरहून आदल्या दिवशीच निघा. इंजेक्शननंतर तासभर बसवतील. पाणी भरपूर प्या आणि टेबलावर जायच्या आधी लघवी करून या. औषध लघवीत उतरतं, म्हणून भरलेल्या मूत्राशयाच्या उजेडात शेजारची बारीक गाठ लपते. मूत्रपिंडं आणि लाळग्रंथी सगळ्यांच्याच उजळतात, फोटो बघून घाबरू नका. अंगात थोडी किरणं असतात, म्हणून त्या दिवशी छोटीला मांडीवर घेऊ नका.

आणि यातही काही दिसलं नाही, तरी रेडिएशनचे उपचार लांबवायचे नाहीत. डॉक्टरांना हे नक्की विचारा. ०.४ ला उपचार सुरू झाले तर आजार आटोक्यात यायची आशा जास्त असते.

बाग दादा बघेल. मायला सोबत न्या. तारीख मिळाली की लगेच कळवा, त्या दिवशी मी सुट्टी घेऊन फोनजवळ बसेन.

तुमची लेक