एक्स-रे ‘क्लिअर’ आला म्हणून थांबू नये

महोदय,

ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) रुग्णाला केमोनंतर ताप येतो, छातीचा एक्स-रे ‘क्लिअर’ निघतो आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. डॉक्टरही कधी कधी तिथेच थांबतात. एक्स-रेवरचा न्यूमोनियाचा पांढरा डाग बराचसा पांढऱ्या पेशींच्या गर्दीमुळे उमटतो. न्युट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेलेल्या रुग्णात ती गर्दीच होत नाही. बेडकाही फारसा पडत नाही. म्हणून अँटिबायोटिक सुरू करूनही ३-४ दिवस ताप हटला नाही, तर छातीचा एचआरसीटी (बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन) करावा. त्यासाठी शिरेतून डाय द्यावा लागत नाही, तेव्हा डायने किडनीला त्रास होईल ही सबब चालत नाही.

सीटीत फुप्फुसातल्या गाठीभोवती धुरकट कडे दिसले तर पहिला संशय ॲस्परजिलस बुरशीचा. हे कडे सुरुवातीच्या दिवसांतच ठळक असते, मग विरते. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात गाठ वाढलेली दिसू शकते. तेवढ्यावरून औषध फसले असे ठरवू नये. रक्तातले गॅलॅक्टोमॅनन (या बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक) बुरशीविरोधी औषध आधीच चालू असल्यास निगेटिव्ह येऊ शकते. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात ते सापडण्याची शक्यता जास्त.

ही दुर्बीण बहुधा लांबते ती प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी म्हणून. तपासणीसाठी फुप्फुसाचा तुकडा काढायचा तर साधारण ५०,००० हव्यात. नुसत्या धुण्याला २०-३० हजारही अनेक ठिकाणी पुरेसे मानतात, मात्र रुग्णाचा ऑक्सिजन टिकला पाहिजे. पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेल्या तपासणीत जंतू हाती लागतात. चार औषधांचा मारा झाल्यावर रिपोर्ट कोरा येतो. त्याच पाण्यावर न्युमोसिस्टिस (फुप्फुसात वाढणारी आणखी एक बुरशी), क्षय आणि विषाणूंचे पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) होते. धुताना पाणी दर खेपेला अधिक लाल येत गेले, तर फुप्फुसातच रक्तस्राव होत असल्याची ती खूण.

सगळे काही संसर्ग नसते. रक्त किंवा प्लेटलेट चढवल्यापासून ६ तासांत धाप लागली तर ट्रालीचा (चढवलेल्या रक्तामुळे फुप्फुसाला होणाऱ्या इजेचा), तसेच द्रव जास्त झाल्याचा विचार व्हावा. बुसल्फान, ब्लिओमायसिन, मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधांनीही फुप्फुस सुजते. सहा तासांचा तो हिशेब करता यावा म्हणून रक्त चढवल्याची वेळ केसपेपरवर हवी. नेमकी तीच पुष्कळदा नसते.

आणखी एक फसगत: पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात लाखाच्या वर असतील तर धमनीतून काढलेल्या रक्तातला ऑक्सिजन त्या पेशी सिरिंजमध्येच संपवतात. रिपोर्ट भयंकर येतो, बोटावरचा ऑक्सिमीटर मात्र ९७ दाखवतो. अशा वेळी नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा, आणि तोवर ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवावा.

— रक्तविकार व श्वसनविकार विभागांतील डॉक्टर