लेबलवरचा फोटो आणि वकीलकाकूंचे आभार

आदरणीय वकीलकाकू,
सा. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात ती नोटीस आली तेव्हा दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर मी इंटरनेटवरून घेतलेला मिरच्यांचा फोटो छापला होता. एक हजार लेबलं! फोटोवर कुणाचं नाव नव्हतं, म्हणजे तो कुणीही वापरावा, अशी माझी समजूत. तुम्ही नोटीस दोनदा वाचलीत आणि आधी विचारलंत, "अजून घरात किती पाकिटं आहेत?" त्या एका प्रश्नाने मला धीर आला. विक्री थांबवून, चूक कबूल करून, योग्य ती रक्कम देऊन प्रकरण मिटलं ते तुम्ही लिहून दिलेल्या पत्रामुळे.

फोटो काढला की काढणाऱ्याचा त्यावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, आपोआप तयार होतो, त्याला नोंदणी लागत नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव छापलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही.

पण मी जन्मभर विसरणार नाही ती त्यानंतरची दुपार. नवं लेबल आमच्या ओळखीच्या मुलाने काढलं होतं. मी पैसे दिले, पावती घेतली, आता लेबल माझंच असं धरून बसले होते. तुम्ही म्हणालात, नुसत्या पावतीवर विसंबू नकोस, हक्क तुझ्या नावे केल्याचं त्याच्या सहीनिशी लिहून घे. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझा मसाला भाचीमार्फत दुबईला जातो, हे तुमच्या लक्षात होतं! माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मिरचीची पूड झटकून, तुम्ही त्या कागदावर पेनाने "कॉपीराइटची संपूर्ण मुदत, जगभर" असं लिहिलंत. त्या मुलालाही आधी शांतपणे सगळं समजावलंत आणि त्याचे पैसे वाढवून द्यायला लावलेत. ते मला फार बरं वाटलं. त्याच्या मेहनतीचा मी तोवर विचारच केला नव्हता.

सासूबाईंच्या मसाल्याचं प्रमाण कुणी चोरलं तर, या माझ्या भीतीवरही तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला असतो, कृतीला आणि चवीला नाही. म्हणून प्रमाण घरातच ठेवायचं. आणि 'आमच्या नावाचं काय?' असं विचारलं तर म्हणालात, नावासाठी ट्रेडमार्क, ते खातं वेगळं. तो अर्ज मी भरला आहे.

फी विचारली तर तुम्ही हात जोडलेत. म्हणून हे पत्र, आणि सोबत नव्या लेबलाची पहिली दोन पाकिटं. मिरच्यांचा फोटो आमच्याच अंगणातल्या वाळवणाचा आहे, धाकटीने काढलेला.

आपली नम्र,
तुमची मसालेवाली