ताळा जमला, रीडिंग चुकलं

फलटण, ६ नोव्हेंबर

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालीस, "बाबा, सगळं येत होतं, तरी गेटच्या सराव टेस्टला २९ च मार्क आले." तुझा आवाज ऐकून आईनं तिथल्या तिथे लाडू पाठवायचं ठरवलं. मी गप्प बसलो, कारण गेट, म्हणजे ती एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी डिप्लोमावाला, सगळी नोकरी कालव्यावर गेली. मग बाजारातून जुन्या पेपरांच्या प्रिंट काढून आणल्या आणि घड्याळ लावून बसलो. सर्व्हेइंगचे, म्हणजे जमिनीच्या मोजणीचे, तेवढेच सोडवता आले. हसू नकोस.

६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास. त्यात ॲप्टिट्यूडचे १५ आणि गणिताचे १३. म्हणजे २८ मार्क तुझ्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या बाहेरचेच झाले की! आणि ॲप्टिट्यूड तू 'शेवटी बघू' म्हणून ठेवलंयस. ते आधी काढ. रोज जेवणाआधी अर्धा तास पुरे.

आता निगेटिव्हचं, म्हणजे चुकीला मार्क कापण्याचं. क्लासवाल्यांनी तुमच्या मनात त्याची फारच भीती घातलीय. मी पेन्सिलीनं मांडून बघितलं. चार पर्यायांच्या एक मार्काच्या प्रश्नाला चुकलं की एक तृतीयांश जातो. चारदा डोळे मिटून ठोकलं, तर सरासरी एक बरोबर, तीन चूक. एक आला, एक गेला, हाती शून्य. पण एक पर्याय जरी खात्रीनं खोडता आला, तर पारडं तुझ्या बाजूला झुकतं. दोन मार्कांनाही हाच हिशेब. आणि जिथे आकडा टाइप करायचा किंवा एकापेक्षा जास्त पर्याय निवडायचे, तिथे निगेटिव्ह नाहीच. तू असले सहा प्रश्न कोरे सोडलेस! त्यावर मी तुला रागावणार होतो, पण आई शेजारी बसली होती.

खरी गोष्ट पुढेच आहे. तू पाठवलेले रफ कागदाचे फोटो मी चष्मा लावून, प्रश्नाशेजारी ठेवून पाहिले. मातीच्या थरांच्या गणितात प्रश्नात १८.५ आहे, तू उतरवलंस १५.८. पुढची रीत अगदी चोख. पर्याय असते तर उत्तर जुळलं नाही म्हणून तू थबकली असतीस. आकडा टाइप करायच्या प्रश्नात थबकवणारं कुणी नसतं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका चारीचं, म्हणजे छोट्या कालव्याचं, लेव्हलिंग (जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी) माझ्याकडे होतं. खलाशी, म्हणजे मदतनीस, स्टाफ (आकड्यांची उंच पट्टी) धरून उन्हात उभा, मी डंपी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावलेला. रीडिंग १.३४५, बुकात लिहिलं १.४३५. संध्याकाळी बॅकसाइट, फोरसाइट, म्हणजे मागच्या-पुढच्या रीडिंगच्या बेरजा घेतल्या, ताळा तंतोतंत जमला. मी खूश. पण परत बेंचमार्कवर, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेवर, येऊन मोजणी बंद केली तर ९० मिलिमीटरचा फरक! साहेबांनी बुक हातात न घेताच विचारलं, "नवानं भाग जातो का?" जात होता. "मग आकडे उलटे लिहिलेस कुठेतरी." दुसऱ्या दिवशी सायकलवरून परत आठ किलोमीटर. ताळा फक्त बेरीज-वजाबाकी तपासतो ग, रीडिंग नाही तपासत.

तेव्हा उत्तर आलं की रीत पुन्हा बघत बसू नकोस. प्रश्नाकडे परत जा, आकडे आणि युनिट यांवर बोट ठेव. दहा सेकंद लागतात. आणि टेस्ट झाल्यावर सोल्युशन वाचून 'हां, येत होतं' म्हणायची सवय मोड. चुकलेला प्रश्न चार दिवसांनी कोऱ्या कागदावर परत सोडव.

दुसरं म्हणजे तुझा कॅल्सी. त्याची बटणं झिजलीत, बोटं न बघता चालतात, ठाऊक आहे मला. पण गेटला तो आत नेऊ देत नाहीत. स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरची बटणं माऊसनं एकेक करून दाबायची. तो नेटवर मिळतो. मी साइन ३० काढायला गेलो तर आकडा आधी की साइन आधी, यातच दोन मिनिटं गेली. आतापासून सगळा सराव त्याच्यावर कर.

बाकी एम.टेक.ला महिना १२,४०० स्टायपेंड मिळतो, स्कोअर तीन वर्षं चालतो, हे तुला माहीतच आहे. पहिल्या फटक्यात नाही झालं तर काय, हा विचार आमच्यासाठी करू नकोस. घराचा हप्ता फिटलाय.

लाडू एसटीच्या पार्सलनं येतील, शनिवारी स्वारगेटला जाऊन घे. मैत्रिणींनाही दे. सेमिस्टरचे पेपर झाले की रिकाम्या डब्यात तो कॅल्सी घालून परत पाठव. आईला किराणाच्या हिशेबाला हवाच आहे.

तुझे
बाबा