बंद लॅपटॉपच्या नावावर अडकलेले पगारपत्रक

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: सिंक केलेल्या फोल्डरमधील स्प्रेडशीट लॉक होऊन राहणे आणि त्यावर तुमच्या मदत विभागाने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय,

गेली तीन वर्षे आमचा लेखा विभाग तुमची क्लाउड सेवा वापरतो आहे. आम्ही तिघे जण, तीन लॅपटॉप आणि एक सामाईक फोल्डर, ज्याची प्रत तुमचे ॲप तिन्ही लॅपटॉपवर सारखी ठेवते, म्हणजे सिंक करते. त्यातली सर्वांत महत्त्वाची फाइल म्हणजे हजेरी आणि पगाराचे शीट. ६४ जणांचा पगार त्या एका शीटवरून निघतो. गेल्या महिनाअखेरीस हे शीट अडकले. ते सोडवण्यासाठी तुमच्या मदत विभागाने सांगितले तसे केले, आणि त्याच्या दोन वेगवेगळ्या प्रती होऊन बसल्या. बिघाड कुठेही होऊ शकतो, हे मी समजू शकते. माझी तक्रार मुख्यतः त्या सल्ल्याबद्दल आहे.

२८ तारखेला सकाळी मी लिबरऑफिसमध्ये (एक्सेलसारख्याच प्रोग्राममध्ये) शीट उघडायला गेले तर सूचना आली की माझ्या एका सहकारी बाईंनी फाइल संपादनासाठी लॉक केली आहे. त्या आदल्या दिवसापासून रजेवर होत्या. फोन केला तर म्हणाल्या, "ताई, मी परवा संध्याकाळीच फाइल बंद केली हो, लॅपटॉप बॅगेतच आहे." त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नव्हते. म्हणून मी फोल्डरमधल्या लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केला. आमच्या शीटशेजारी '.~लॉक' ने सुरू होणारी आणि '#' ने संपणारी एक चिमुकली फाइल दिसली. नोटपॅडमध्ये उघडली. आत स्वल्पविरामांनी तोडलेली एकच ओळ होती: त्या बाईंचे नाव, त्यांच्या लॅपटॉपचे नाव, २६ तारीख, वेळ १८:४७.

स्प्रेडशीट उघडली की लिबरऑफिस अशी खूण शेजारी ठेवते आणि फाइल बंद केली की ती पुसते. एक्सेलही '~$' ने सुरू होणारी अशीच एक फाइल तयार करते. बाईंच्या लॅपटॉपवर ही खूण फाइल बंद करताच पुसली गेली होती. तुमच्या ॲपने ती उठल्याची बातमी तत्परतेने आमच्यापर्यंत आणली, पण पुसल्याची बातमी आणायच्या आतच बाईंनी झाकण मिटले आणि लॅपटॉप झोपी गेला. क्लाउडवर आणि आमच्या दोन्ही लॅपटॉपवर ती खूण तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात आम्ही हे मुद्दाम तीनदा करून पाहिले. फाइल बंद करायची आणि लगेच झाकण मिटायचे. तिन्ही वेळा खूण आमच्याकडे अडकून राहिली, आणि झाकण उघडल्यावर मिनिटभरात आपोआप गेली.

आता तुमच्या मदत विभागाबद्दल. २८ तारखेला सकाळीच तक्रार नोंदवली. दुपारी साचेबंद उत्तर आले की फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, सर्व प्रोग्राम बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. केला. फरक पडला नाही. २९ तारखेला सकाळी दुसरे उत्तर आले: लॉकची फाइल डिलीट करा, आमचे ॲप काढून पुन्हा टाका. हा सल्ला देणाऱ्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. ही फाइल किती जण वापरतात? लॉकवर कोणाचे नाव आहे? त्या व्यक्तीच्या कॉम्प्युटरवर अजून अपलोड न झालेले काही पडून आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारला असता तरी पुढचे सगळे टळले असते.

कारण बाईंनी २६ तारखेच्या संध्याकाळी १७ जणांचा ओव्हरटाइम शीटमध्ये भरला होता आणि सेव्ह करून मगच फाइल बंद केली होती. खूण पुसल्याची बातमी जशी लॅपटॉपमध्ये अडकली, तसा तो ओव्हरटाइमही तिथेच अडकला होता. आमच्यापर्यंत आलेली प्रत त्याच्या आधीची होती. लॉक खोटे होते, पण त्यावरचे नाव बरोबर माणसाचे होते. ताजी प्रत खरोखर त्यांच्याकडेच होती. तुमच्या सांगण्यावरून मी ते लॉक पुसले, जुन्या प्रतीवर दिवसभर रजा आणि कपाती भरल्या, आणि सगळे ठीक झाले असे समजून घरी गेले.

३० तारखेला बाई कामावर आल्या आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. काही क्षणांत फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या, त्यातल्या एकीच्या नावापुढे 'विसंगत प्रत' असे शेपूट. स्प्रेडशीटची फाइल म्हणजे आतून एक्सएमएल नावाच्या प्रकारातल्या मजकूर फाइलींचे, दाबून बांधलेले (झिप केलेले) गाठोडे असते, त्यामुळे एका प्रतीतल्या ओळी दुसरीत मिसळणे तुमच्या ॲपला शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी मी दोष देत नाही. पण मग ते मिसळण्याचे काम आमच्यावर आले. दोन्ही प्रती शेजारी ठेवून, एक जण वाचतोय आणि दुसरा खूण करतोय, असे आम्ही रात्री साडेअकरापर्यंत ६४ ओळी तपासत बसलो. पगार एक दिवस उशिरा झाला. ज्यांचे हप्ते त्या तारखेला जातात त्यांना तोंड द्यायला मी उभी होते, तुमचा मदत विभाग नव्हता.

या निमित्ताने आणखी एक बिघाड सापडला, तोही सांगते. गेले कित्येक महिने अधूनमधून सेव्ह करताना 'फाइल वापरात आहे' अशी चूक यायची आणि दोनतीनदा प्रयत्न केल्यावर निघून जायची. या वेळी चूक येताच मी विंडोजचा रिसोर्स मॉनिटर (कोणता प्रोग्राम काय वापरतो आहे ते दाखवणारे साधन) उघडला, सीपीयूच्या टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स' समोरच्या शोधचौकटीत शीटचे नाव टाकले. फाइल धरून बसलेल्या प्रोग्रामच्या यादीत लिबरऑफिसखाली तुमचे ॲप होते. विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम फाइल उघडताना इतरांना लिहिण्याची मनाई करू शकतो. तुमचे ॲप अपलोड करताना बहुधा तेच करते, आणि नेमके तेव्हा कोणी सेव्ह केले की ते फसते. वाचताना इतरांना लिहू देण्याची सोय विंडोजमध्ये आहे, ती का वापरली जात नाही, हे मला तुमच्या तांत्रिक विभागाकडून समजून घ्यायचे आहे. तुमच्या पहिल्या उत्तरात म्हटलेला 'दुसरा प्रोग्राम' या प्रकारात तरी तुमचाच निघाला.

माझे मूळ म्हणणे असे. ऑफिसच्या सर्व्हरवरची सामाईक फाइल एकच असते. ती कोणाच्या हातात आहे हे सर्व्हरला माहीत असते आणि तो दुसऱ्याला अडवतो. सिंक फोल्डरमध्ये प्रत्येकाकडे स्वतःची प्रत असते आणि मध्ये अडवणारे कोणीच नसते. एका लॅपटॉपवरचे लॉक दुसऱ्यावर खरे मानावे की नाही, हे तुम्ही ग्राहकाला कुठेही सांगितलेले नाही. 'टीमने एकत्र काम करा' म्हणून ही योजना तुम्ही आम्हाला विकलीत, आणि आम्ही त्या शब्दांवर विश्वास ठेवला. ड्रॉपबॉक्स '~$' आणि '.~' ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फाइली सिंकच करत नाही आणि तसे मदतपानावर लिहूनही ठेवते. तुम्हीही तसे करा. नाहीतर लॉक पाठवायचेच असेल तर ज्या कॉम्प्युटरचे ते आहे त्याचा शेवटचा संपर्क कधी झाला, तेही शेजारी दाखवा. 'हा लॅपटॉप ३८ तासांपासून ऑफलाइन आहे' एवढे एक वाक्य २८ तारखेला दिसले असते तर मी बाईंना फक्त लॅपटॉप पाच मिनिटे उघडायला सांगितले असते.

सध्या आम्ही आमच्यापुरती शिस्त घालून घेतली आहे. शीट उघडण्याआधी तिघांच्या ग्रुपवर 'उघडतेय' असे टाकायचे, आणि बंद केल्यावर तुमच्या ॲपची हिरवी खूण दिसेपर्यंत झाकण मिटायचे नाही. लॉक अडकलेच तर आधी आतले नाव आणि वेळ वाचायची, त्या माणसाला फोन करायचा, आणि त्याचा लॅपटॉप सिंक झाल्याशिवाय काही पुसायचे नाही. यातली एकही गोष्ट तुमच्या मदत विभागाने सांगितलेली नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. लॉकची फाइल डिलीट करण्याचा सल्ला तुमच्या साचेबंद उत्तरांतून आजच काढावा, किंवा त्याआधी लॉक कोणाचे आहे हे विचारणे बंधनकारक करावे. झाकण मिटताना अपलोड बाकी असेल तर ॲपने तसे ठळकपणे सांगावे. आणि २६ ते ३० तारखेदरम्यान आमच्या फोल्डरमधील या शीटच्या सर्व आवृत्त्यांची वेळेसह नोंद आम्हाला द्यावी. कपातीच्या दोन आकड्यांबाबत आमची अजून खात्री पटलेली नाही, आणि पुढच्या पगारापूर्वी ती पटायला हवी.

तांत्रिक विभागाने स्वतः तपासून दिलेले लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. पहिल्या पायरीवरून पुन्हा 'कॉम्प्युटर रीस्टार्ट करा' असे उत्तर आले तर ते मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. लॉक फाइलचे आणि रिसोर्स मॉनिटरचे स्क्रीनशॉट आणि तुमच्या विभागाची दोन्ही उत्तरे सोबत जोडली आहेत.

आपली,
लेखा विभाग प्रमुख