झिरो माईल पाहायला जाताय?

महोदय,

नागपूरच्या झिरो माईलला, म्हणजे अंतरं मोजण्यासाठी उभारलेल्या ब्रिटिशकालीन दगडी खांबापाशी, येणारे पाहुणे तिथल्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढून निघून जातात. खरी गंमत शेजारच्या षटकोनी दगडावर आहे. त्यावर गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरली आहेत. जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. समुद्रसपाटीपासूनची उंचीही आहे, १०२०.१७१ फूट, पार दशांशापर्यंत! भरदुपारी जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात उथळ अक्षरांची सावली पडत नाही आणि दगड कोरा दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना वाचता येतं. नाहीतर मोबाइलचा टॉर्च दगडालगत आडवा धरा. खडू किंवा हळद मात्र घासू नका, खरबरीत दगडात ती रुतून बसते.

मेट्रोनं याल तर स्टेशनही याच नावाचं आहे. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल त्याच फेरीत होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आलात तर मात्र हे सगळं सोडून थेट इतवारीत जा. वाईट गोष्टींचं प्रतीक म्हणून मिरवणुकीनं नेऊन जाळल्या जाणाऱ्या काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टीका करणारे पुतळे. एवढे अवाढव्य पुतळे गल्लीतून वळताना तारांपाशी अडतात, तेव्हा चौकात उभं राहणंच बरं.

झिरो माईलपाशी मराठीत एक माहितीफलक लावावा, एवढीच विनंती.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर